फोटोतून कापलेला टॉवर

मांडव्याहून निघालेली लाँच गेटवेजवळ आली की सगळ्यांचे मोबाईल एकदम वर जातात. डावीकडे घुमटवालं जुनं ताज, त्याला खेटून उजवीकडे ताजचा टॉवर आणि पुढ्यात गेटवे. गेल्या दिवाळीत मीही फोटो काढला आणि टाकण्याआधी सवयीने टॉवर क्रॉप केला. घरच्या ग्रुपवर बाबांचा लगेच मेसेज आला, "माझं ताज कुठं गेलं?"

मला वाटलं, चष्मा लावला नसेल. पण त्यांना टॉवरच म्हणायचं होतं.

बाबा गिरगावातल्या चाळीत वाढले. टॉवर नवा होता तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे. रविवारी आजोबा त्यांना गेटवेवर न्यायचे, तिथे दोघं टॉवरचे मजले मोजायचे आणि दर वेळी आकडा चुकायचा. "जुनं ताज साहेबाच्या काळातलं, हे आपल्या काळातलं," असं आजोबा म्हणायचे. आत पाऊल टाकायची ऐपत दोघांचीही नव्हती, तरी ते 'आपलं' होतं.

माझी चुलत बहीण आर्किटेक्चर शिकते. तिच्या मते टॉवर म्हणजे शेजारधर्म न पाळणारी इमारत. उंचीने शेजाऱ्याला झाकोळते आणि वर कमानी लावून त्याच्याशी नातं असल्याचा आव आणते. "धड आधुनिक नाही, धड जुनं नाही," ती म्हणते. खरं सांगायचं तर मला तिचं पटत होतं. मग मी थोडं वाचलं आणि गोंधळलो.

जुनं ताज उघडलं 1903 साली. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. गेटवे त्यानंतरचा, 1924चा. म्हणजे ज्या दोन वास्तू आपण कायमच्या जोडीने बघतो, त्यांच्यातही एकवीस वर्षांचं अंतर आहे. टॉवरच्या जागी तेव्हा ग्रीन्स हॉटेल होतं. ते पाडून 1973 च्या सुमारास टॉवर उभा राहिला, आराखडा मेल्टन बेकर या अमेरिकन आर्किटेक्टचा. आज टॉवरला नावं ठेवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ग्रीन्सचं नाव ऐकलंय?

टॉवर का बांधला याचं उत्तर आकाशात होतं. 1971 मध्ये एअर इंडियाकडे जंबो जेट आलं. एका विमानातून शेकडो प्रवासी उतरू लागले आणि त्यांना खोल्या हव्या होत्या. त्याच काळात भराव घालून केलेल्या नरिमन पॉइंटवर ओबेरॉय शेरेटन उभं राहत होतं. स्पर्धा दारात आली होती. टॉवर हा त्या हिशेबाचा भाग होता, आणि मुंबईच्या किनाऱ्याचं चित्र त्या हिशेबाने बदललं.

आता गंमत बघा. 1926 साली ऑल्डस हक्सलीने प्रवासवर्णनात मुंबईच्या वास्तूंची यथेच्छ टर उडवली होती. वास्तुकलेच्या सगळ्यात वाईट काळात हे शहर वाढलं, असा त्याचा सूर. त्याला खटकलेल्या त्याच व्हिक्टोरियन काळातल्या इमारती, आर्ट डेकोच्या सोबतीने, 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. इमारती होत्या तशाच होत्या, बघणारे बदलले.

पण सगळ्याच इमारतींना तेवढा वेळ मिळत नाही. दिल्लीत प्रगती मैदानावर राज रेवल यांचा हॉल ऑफ नेशन्स होता, 1972चा, म्हणजे टॉवरचा समवयस्कच. साठ वर्षं पूर्ण नसलेल्या वास्तूंचा वारसा म्हणून विचार होणार नाही, अशी भूमिका तिथल्या समितीने घेतली आणि एप्रिल 2017 मध्ये तो पाडला गेला. पंचेचाळीस वर्षांची इमारत सगळ्यात दुबळी असते: नवी म्हणून कौतुक संपलेलं, जुनी म्हणून माया सुरू झालेली नाही. तोच नियम लावला तर टॉवर 2033 पर्यंत 'जुना' होणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक काँक्रीटचा ठोकळा जपावा असा नाही. टॉवर मला आजही देखणा वाटत नाही. बहिणीचा उंचीबद्दलचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण 'आउटडेटेड' हा शब्द मी आता जपून वापरतो, कारण त्यात इमारतीपेक्षा माझं वय जास्त दिसतं. 26/11 नंतर आधी टॉवरच उघडला, डिसेंबर 2008 मध्येच. जुनं ताज पूर्ण सावरून उघडायला ऑगस्ट 2010 उजाडला. मधल्या काळात 'ताज चालू आहे' असं म्हणायला तोच टॉवर होता.

परवा पुन्हा लाँचने आलो. या वेळी मोबाईल आडवा धरला, काहीच कापलं नाही. फोटो फारसा चांगला आला नाही. तरी बाबांना पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला, "मजले मोजलेस का?"

मोजले. चुकले.