सरकारी शाळेची इमारत : मागणीपासून हस्तांतरणापर्यंत
(रामनगर-सुपा परिसराच्या निमित्ताने)

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शिक्षकांविषयी लिहितो, संस्थापकांविषयी लिहितो, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांविषयीही लिहितो. परंतु ज्या चार भिंतींच्या आत हे सारे घडते, त्या भिंती कशा उभ्या राहिल्या याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. दर्शनी भिंतीतील कोनशिलेवर उद्घाटकांचे नाव आणि तारीख कोरलेली असते. शाळेची मागणी प्रथम कोणी केली, जागा कोणाची, पैसा कोणत्या खात्यातून आला आणि काम किती पावसाळे रखडले, यांविषयी ती कोनशिला काही सांगत नाही. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या या ग्रंथात अशा एका दुर्लक्षित इतिहासाला थोडी जागा मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी रामनगरचे उदाहरण घेण्यास कारण आहे. बेळगावहून लोंढामार्गे अनमोड घाटाकडे, म्हणजे गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव लागते. उत्तर कन्नड, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतील कारवार जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात ते मोडते. काळी नदीवरील सुपा धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले व १९८७ मध्ये पूर्ण झाले. १०१ मीटर उंचीच्या आणि ३३२ मीटर लांबीच्या या भिंतीमागे जे पाणी साठले, त्यात तालुक्याचे ठाणे असलेले सुपा गाव आणि भोवतालची खेडी बुडाली. ठाणे जोयड्याला गेले, तालुक्याचे नावही बदलले, आणि विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांची वस्ती रामनगर येथे वसवण्यात आली.

वसलेले गाव आणि वसवलेले गाव यांत फरक असतो. वसलेल्या गावात शाळा हळूहळू येते. आधी देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत पोरे बसतात, मग चावडीचा कोपरा मिळतो, पुढे पट वाढला म्हणजे स्वतंत्र खोलीचा विचार होतो. वसवलेल्या गावात शाळा प्रथम नकाशावर उमटते. ती कोणाच्या पडवीतून वाढत नाही; कारण पडव्याच नव्या असतात. म्हणून अशा गावात शाळेची इमारत वेळेवर उभी राहणे हा सोयीचा प्रश्न राहत नाही. ती लांबली, तर एका पिढीची शिकण्याची वर्षेच हातची जातात.

गावाची खोली, सरकारचा मास्तर

सार्वजनिक पैशातून शाळेची इमारत बांधावी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबई इलाख्यातील शिक्षण मंडळाने १८५४ च्या सुमारास जी योजना आखली, तिच्यात शाळेसाठी योग्य जागा, पुस्तके आणि मास्तरांचा अर्धा पगार ही गावाची जबाबदारी होती; उरलेला अर्धा पगार सरकारने द्यावयाचा होता. म्हणजे इमारत ही गावाने दाखवलेली तयारी मानली जात असे. ज्या गावात पैसा आणि पुढाकार होता तेथे शाळा आली. ज्या गावाकडे दोन्ही नव्हते ते मागे राहिले. त्याच वर्षी वुड यांचा खलिता आला, लगोलग शिक्षण खाते स्थापन झाले, तरी इमारतीचा प्रश्न सुटला नाही.

१८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. पुढल्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन महसुलावर दर रुपयास एक आणा लोकल सेस बसवण्यास आरंभ केला. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप दिले. या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते व अन्य कामांसाठी, अशी वाटणी होती. खेड्यातील शाळागृहास नियमित पैशाचा झरा मिळाला तो येथे. हा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून येत होता, ही गोष्ट विसरता कामा नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: कराचा भार कष्टकरी रयतेवर आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. फुले यांनी स्वतः बांधकामाचे ठेके घेतले होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. सरकारी बांधकामात पैसा कोठे मुरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

याच काळात इमारतीच्या रूपातही बदल झाला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी ती तांबडी कौले किनाऱ्याने व घाटमाथ्याने सर्वत्र पसरली. जांभ्या दगडाची भिंत, उतरते कौलारू छप्पर, समोर खोल पडवी असा शाळेचा जो साचा आपल्या मनात ठसला आहे तो असा तयार झाला. हा साचा पावसाने शिकवलेला होता. पडवी खोल असेल तर झड वर्गात येत नाही आणि पोरांच्या छत्र्या, इरली, चिखलाने भरलेल्या वहाणा बाहेर राहतात, हे येथील गवंड्याला नकाशा न पाहताही ठाऊक होते.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा शाळामंडळे अधिक अधिकाराने पुढे आली. सरकारबाहेरही प्रयत्न चाललेच होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने लोकांचे श्रमदान, धान्यरूपाने मिळणारी मदत आणि विद्यार्थ्यांची मेहनत यांतून शाळा व वसतिगृहे उभी करून दाखवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कारवार जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. फायली एका सचिवालयातून दुसऱ्या सचिवालयात गेल्या. वर्गातील भाषा मात्र गावागणिक राहिली, आणि जोयडा व हल्याळ तालुक्यांत सरकारी मराठी शाळा आजही आहेत.

तीन पंचांगे

सरकारी इमारतीचा कागदोपत्री प्रवास ठरलेला असतो. मागणीचा ठराव होतो, जागा निश्चित होते, नकाशा व अंदाजपत्रक तयार होते. त्यावर प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे हे काम करावयाचे आणि इतका खर्च करावयाचा हे ठरते. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे काम कसे करावयाचे ते ठरते. पुढे निविदा, बयाणा रक्कम, करार, कार्यारंभ आदेश. काम चालू असता मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, उंची नोंदली जाते आणि त्यावरून ठेकेदाराची देयके निघतात. अखेरीस पूर्णत्वाचा दाखला आणि इमारतीचे हस्तांतरण.

या साखळीतील प्रत्येक कडीला कारण आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज तिच्यावर टीका करणे न्याय्य नव्हे. उदाहरणार्थ, पायाचे माप पाया बुजण्यापूर्वीच घ्यावे लागते. एकदा माती लोटली म्हणजे खाली तीन फूट दगड आहे की दीड फूट, हे कोणी सांगू शकत नाही. मोजमाप पुस्तकाची ती ओळ म्हणजे जमिनीखाली गेलेल्या सत्याचा एकमेव साक्षीदार. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर शेवटी त्या ओळीच्या भरवशावर उभे असते.

मग कामे रखडतात का? माझ्या मते त्याचे मोठे कारण असे की शाळेच्या बांधकामावर तीन पंचांगांचा अंमल चालतो आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. सरकारचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चअखेर संपते. पावसाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात ऑक्टोबरपर्यंत जमिनीला हात लावू देत नाही. शाळेचे वर्षही पावसाबरोबरच सुरू होते. एप्रिलमध्ये तरतूद झाली आणि मान्यतांना चार-पाच महिने लागले, तर कार्यारंभाचा आदेश ऐन पावसात हाती पडतो. दिवाळीनंतर काम सुरू होते. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाई होते. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर, आणि शक्य तर दोन आठवडे, पाणी मारावे लागते; नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठत असतात. घाईने टाकलेली आणि पाण्याला मुकलेली स्लॅब पहिल्याच मृगात गळू लागते. जुने कौल फुटले तर एक कौल बदलून भागत असे. स्लॅबची चीर शोधणे तितके सोपे नाही.

ज्या अधिकाऱ्यांनी ही तीन पंचांगे एकत्र मांडून काम केले त्यांची कामे वेळेवर झालेली दिसतील. पावसाळा हा कागदांचा काळ: जागेची मोजणी, मान्यता, निविदा हे सारे पावसात उरकावे, दिवाळीनंतर पाया, संक्रांतीपर्यंत जोत्यावर भिंती, होळीपर्यंत छप्पर, आणि वर्गांना धक्का देणारी मोडतोड असेल ती उन्हाळी सुट्टीत. यात नवे काही नाही, शेतकरी आपले घर याच क्रमाने बांधतो.

जोयड्यासारख्या तालुक्यात आणखी एक अडसर असतो, तो वनजमिनीचा. तालुक्याचा बहुतांश भाग जंगलाचा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. जंगल वाचवण्यासाठी तो कायदा हवाच होता. पण दोन खोल्यांच्या शाळेलाही दिल्लीची वाट पाहावी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही वाट थोडी जवळ केली. शाळेसह तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देता येते. ग्रामसभेचा एक ठराव किती मोलाचा असतो, हे अशा ठिकाणी कळते.

फळ्यापासून हक्कापर्यंत

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ मध्ये ‘खडू-फळा’ मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, खोल पडवी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, असा किमान दंडक तिने घालून दिला. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाल्यावर दोन खोल्यांचे ध्येय ठरवावे लागले, ही गोष्टच आधीच्या परिस्थितीवर पुरेसा प्रकाश टाकते.

२००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने बांधकाम शक्यतो ठेकेदाराकडे न देता गावाच्या समितीकडे द्यावे असे धोरण घेतले, आणि बांधकामावरील खर्चास एकूण खर्चाच्या ३३ टक्क्यांची मर्यादा घातली. कर्नाटकात त्याच वर्षी शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन झाल्या. १८५४ ची ‘गावाची खोली’ जणू नव्या रूपाने परत आली. फरक इतकाच की आता पैसा सरकारचा होता. लोकांचे लक्ष राहिल्याने अनेक ठिकाणी काम चोख झाले. परंतु दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. वाळूची गाडी, सिमेंटची पोती, गवंड्याचा हिशेब हे सारे मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडले, आणि दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बांधकामावर उभा राहिला की वर्गात काय उरते, ते सांगावयास नको.

सुरक्षिततेचे धडे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जड घरांनी घात केला, आणि ज्या भागाला भूकंपाचे भय नाही असे मानले जात होते तेथे गावेच्या गावे नव्याने वसवावी लागली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले दगावली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश, पाणी, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण यांची यादीच परिशिष्टात दिली. गावाची तयारी म्हणून सुरू झालेली इमारत आता मुलाचा हक्क झाली.

बुडालेल्या शाळेचे देणे

विस्थापितांचा प्रश्न येथेच निराळा ठरतो. भरपाईच्या कागदात ज्याच्या नावावर जे आहे ते लिहिले जाते: घर, शेत, झाडे. शाळा कोणा एकाच्या नावावर नसते. गावाने दगड वाहिले असतील, लाकूड दिले असेल, तरी त्याचा मोबदला मागण्यास कोणाचा सातबारा पुढे करणार? १८९४ च्या ज्या भूसंपादन कायद्याखाली देशभर धरणांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यात पुनर्वसनाची तरतूदच नव्हती. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी स्वतंत्र कायदा केला. संपूर्ण देशासाठी मात्र २०१३ चा कायदा यावा लागला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावात शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा आणि मुलांना क्रीडांगण असलेच पाहिजे, असे लिहिले आहे. सुप्याचे पाणी चढले तेव्हा ही ओळ कोणत्याही केंद्रीय कायद्यात नव्हती.

म्हणून पुनर्वसनाचा क्रम कसा असावा, याविषयी या इतिहासातून एकच आग्रह धरावासा वाटतो: कुटुंबे हलवण्यापूर्वी शाळेची इमारत पूर्ण होऊन हस्तांतरित झालेली असावी, आणि ठेकेदाराची अनामत रक्कम त्या इमारतीने एक संपूर्ण पावसाळा पाहिल्याखेरीज परत दिली जाऊ नये. पूर्णत्वाचा दाखला मार्चमध्ये मिळतो, परंतु सह्याद्रीत इमारतीची खरी परीक्षा आषाढात होते.

ग्रंथालयाच्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना शेवटी एक विनंती. आपल्या परिसरातील शाळांचे मागणीचे ठराव, जागेची दानपत्रे, जुने नकाशे, वर्गणीच्या याद्या आणि उद्घाटनाची छायाचित्रे अनेक घरांत व कपाटांत पडून आहेत. धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत तर तोच त्या शाळांचा उरलेला पुरावा आहे. असे कागद ग्रंथालयाने मागून घ्यावेत, त्यांची यादी करावी आणि जपून ठेवावेत. पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या शतकाला हे काम अशोभनीय ठरणार नाही.