गाडी थांबते ते गाव

लहानपणी दिवाळीची सुटी म्हणजे मामाचे गाव, आणि माझ्या मामाचे गाव म्हणजे इगतपुरी. मामा घाटातल्या बँकर इंजिनावर ड्रायव्हर होते. रेल्वे कॉलनीत त्यांचे कौलारू क्वार्टर होते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे आम्ही कुडकुडत पाटावर बसायचो, तेव्हा बाहेर फटाक्यांच्या आधी इंजिनाची शिटी ऐकू यायची. मामी म्हणायची, "घ्या, आली तुमच्या मामाची लवंगी!"

त्या वयात मला एकच कोडे पडे. प्रत्येक गाडी येथे एवढा वेळ का थांबते? उत्तर शोधता शोधता मला या गावाचा सारा इतिहास सापडला.

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हाच कंपनीच्या लोकांची दृष्टी सह्याद्रीपलीकडे होती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर आणायचा, तर हा डोंगर ओलांडल्याखेरीज गत्यंतर नव्हते. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले. त्याच साली वर इगतपुरीहून नाशिककडे गाडी धावू लागली. मधला थळघाट मात्र तसाच उभा! खालची गाडी खाली, वरची गाडी वर, आणि उतारूंनी मधला घाट रस्त्याने चढायचा, असा प्रकार चार वर्षे चालला.

कसारा ते इगतपुरी अंतर सुमारे पंधरा किलोमीटरचे, पण तेवढ्यात चढायचे जवळजवळ हजार फूट. काही ठिकाणी चढ असा की सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. त्यासाठी तेरा बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. त्यांतला एहेगावचा पूल सुमारे १८० फूट उंच. अखेर १८६५ च्या आरंभी गाडी घाट चढली. सह्याद्रीतल्या या दोन्ही घाटमार्गांचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांना मात्र तो दिवस दिसला नाही. ते १८६२ सालीच निवर्तले होते. त्यांचे नाव पुस्तकांतून आहे. सुरुंगांनी आणि पटकीने जे मजूर नेले, त्यांची नावे कुठेच नाहीत. बोगद्यात शिरताना आपण खिडकीतून हात आत घेतो, तेव्हा क्षणभर त्यांची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

एवढा चढ एका इंजिनाला झेपेना. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लावायचे, आणि त्यांनी ढकलत गाडी वर आणायची. इगतपुरीला ती सोडवायची. उलट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक माथ्यावर नीट तपासल्याखेरीज तिला खाली सोडायचे नाही. १९३० मध्ये मुंबईकडून वीज इगतपुरीपर्यंत आली आणि इथेच थांबली. मग कोळशाचे इंजिन काढा, विजेचे जोडा, हा नवा उद्योग सुरू झाला. मामांच्या काळी घाटात स्वित्झर्लंडच्या घडणीची लांब नाकाची इंजिने होती. रेल्वेची माणसे त्यांना 'खेकडा' म्हणत. मामा म्हणायचे, "बाळ, पुढचा ड्रायव्हर मिरवतो, मागचा ढकलतो. पण मागचा नसला तर पुढचा कसाऱ्यालाच!"

इंजिन बदलायला वेळ लागे, म्हणून गाडी थांबे. गाडी थांबे म्हणून चहा, वडे, गरम भजी. फिटर, खलाशी, गार्ड यांची बिऱ्हाडे आली, म्हणून शाळा आणि बाजार आला. गाव असे वाढले.

पुढे इगतपुरीपलीकडेही वीज गेली, पण ती निराळ्या जातीची, म्हणून इंजिन बदलणे चालूच राहिले. अलीकडे घाटाची आणि मुंबईची वीजही बदलली, आणि तो खटाटोप संपला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–शिर्डी 'वंदे भारत' सुरू झाली. ती हा घाट बँकरवाचून चढते, आणि सुरू झाली तेव्हा तिच्या थांब्यांत इगतपुरी नव्हते! जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून. मोटारींना आता घाटाचे वळणही दिसत नाही.

गेल्या दिवाळीत मी मुद्दाम गेलो. मामा-मामी कधीच गेले. क्वार्टरच्या ओटीवर परक्या घरचा आकाशकंदील लागला होता. फलाटावर वडे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले, "काका, धंदा कसा काय?"

"पूर्वी गाडी थांबली की टोपली रिकामी व्हायची," ते म्हणाले. "आता गाडी थांबते न् थांबते तोच सुटते. पोरगा म्हणतो, हायवेवर गाडा टाकू."

गाव बसून राहिलेले नाही. १९७६ पासून येथे धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे भरतात. देशोदेशीची माणसे दहा दिवस मौन धरायला येतात. पावसाळ्यात मुंबईकर धबधबे पाहायला लोटतात. पण ही माणसे येतात आणि जातात. रेल्वेने जी बिऱ्हाडे वसवली, तशी बिऱ्हाडे कोण वसवणार, याचे उत्तर मला कुणी दिले नाही.

परतीच्या गाडीत बसलो. खाली एक तरुण कर्मचारी कंदील घेऊन ब्रेक तपासत डब्यामागून डबा पुढे सरकत होता. समोरचा उतारू घड्याळाकडे पाहून वैतागला, "इथे कशाला थांबवतात हो?"

मी त्याला खिडकीतून तो कंदील दाखवला. आणि काकांच्या टोपलीतले दोन वडे त्याच्यापुढे केले.