केमिकल इंजिनिअरिंग : प्रवेशाआधी काय समजून घ्यावं?

बारावीनंतर अनेक घरांत एक हिशेब मांडला जातो : मुलाला केमिस्ट्रीत चांगले गुण आहेत, मग केमिकल इंजिनिअरिंग घेऊ या. पालकांना आमचं सांगणं आहे की आधी त्याचं गणित आणि फिजिक्स बघा. ही शाखा केमिस्ट्रीपेक्षा या दोन विषयांवर जास्त उभी आहे.

याचं कारण साधं आहे. केमिस्ट एखादा पदार्थ काचेच्या भांड्यात बनवतो, इंजिनिअरला तोच टनांनी बनवायचा असतो. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता आतच कोंडली तर स्फोटसुद्धा होऊ शकतो. हा हिशेब चुकू न देणं हेच इंजिनिअरचं काम. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेत टाकीत पाणी शिरलं, रासायनिक क्रिया आवाक्याबाहेर गेली आणि विषारी वायू शहरावर पसरला. म्हणून प्लांटची सुरक्षितता हा या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

चार वर्षांत मालाचा आणि ऊर्जेचा ताळेबंद, द्रवांचा प्रवाह, हीट ट्रान्स्फर, डिस्टिलेशन, रिअ‍ॅक्टर आणि शेवटी अख्ख्या प्लांटचं डिझाइन शिकवतात.

शिकायचं कुठे? मुंबईत माटुंग्याची आयसीटी आहे. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. तिथे केमिकल इंजिनिअरिंग आणि केमिकल टेक्नॉलॉजी या वेगळ्या पदव्या आहेत, फॉर्म भरताना गल्लत करू नका. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था 1942 पासूनची, आता ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. कोकणातल्या मुलांना लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ जवळ पडतं, आणि महाड, रोहा, लोटे-परशुरामचे केमिकल कारखानेही फार लांब नाहीत.

राज्यातल्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. त्यामुळे अकरावीत गणित सोडताना दहादा विचार करा.

आपल्याकडे खरी अडचण बऱ्याचदा कागदांची होते. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या घरांनी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमी लेयर यांच्या मागे बारावीच्या आधीच लागावं. व्हॅलिडिटीला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्कात शंभर टक्के सवलत आहे.

मुली म्हणजे फक्त लॅब, प्लांट त्यांचा नाही, असं धरून चालू नका. डिझाइन, सुरक्षितता, क्वालिटी, संशोधन ही सगळी कामं याच पदवीतून मिळतात. मात्र प्लांटवर शिफ्ट असते. ती तयारी मुलाची असो वा मुलीची, घरात आधीच बोलून ठरवलेली बरी.