अस्सल मोटार कोणती?

जुन्या मोटारी आणि कामगार-चळवळ यांचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मोटार कामगार घडवतो, ड्रायव्हर चालवतो आणि मिस्त्री दुरुस्त करतो. एवढा संबंध आम्हांस पुरेसा वाटतो.

जुन्या मोटारींच्या शौकिनांत एका शब्दाला फार मान आहे. तो शब्द म्हणजे 'ओरिजिनल'. रंग कारखान्यातला हवा, दिवा मूळचा हवा, चाकावरची झाकणेसुद्धा त्याच सालातली हवीत. या हौसेची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. जुन्या गाडीचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर कुठे, डायनामो कुठे, पाणी कुठून फिरते, हे साध्या माणसालाही बोटाने दाखवता येते. आजच्या गाडीत सारे झाकणाखाली, आणि बिघाड सांगायलाही दुसरे यंत्र लागते. समजणाऱ्या यंत्रावर माणसाचा जीव जडतो. आमचा प्रश्न एवढाच की, अस्सल ठरवायचे कोणी आणि कशावरून?

यवतमाळकरांना हा प्रश्न नवा नाही. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांपर्यंत पोचावा म्हणून यवतमाळपासून ११३ किलोमीटरची अरुंद वाट घातली गेली. तिच्यावरचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले. सत्तर वर्षे राबवून ते १९९४ साली उतरवले आणि डिझेलचे लावले. म्हणून दारव्ह्याला चढणाऱ्या बाजारकरूने तिला शकुंतला म्हणायचे सोडले काय? गाडी बंद पडली, आणि आता कोणी म्हणतो ती होती तशीच ठेवा, कोणी म्हणतो रुंद मार्ग करा. जो रोज त्या गाडीने जात होता त्याला विचारून हा वाद मिटवावा, असे आमचे मत आहे. रुळावरच्या गाडीची ही गोष्ट रस्त्यावरच्या एका गाडीला तंतोतंत लागू पडते, म्हणून सांगितली.

ती गाडी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी हिंदुस्थानात मोटार बांधायची असे मनात घेतले, तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. विश्वेश्वरय्यांनी योजना आखून दिली, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने पाठिंबा दिला, पण दिल्लीच्या सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ साली फियाट ११०० आली, १९६४ साली तिची सुधारलेली 'डिलाइट' आली, आणि १९७४ पासून तीच गाडी चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी, आणि पुढची बैठक सलग. मारुती १९८३ साली येईपर्यंत मध्यमवर्गीय माणूस या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत असे.

त्याच कुर्ल्याच्या मोटार-उत्पादन विभागातला प्रोत्साहन-वेतनाचा तंटा १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाने कोठवर हात घालावा याची तत्त्वे त्या निकालाने घालून दिली. युनियनचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना प्रीमियर हे नाव गाडीपेक्षा या निकालामुळे अधिक परिचयाचे! शौकिनांच्या वह्यांत बोल्टाची नोंद सापडते. बोल्ट आवळणाऱ्याला काय मिळत होते याची सापडत नाही.

टॅक्सी झालेल्या पद्मिनीचे आयुष्य खाजगी पद्मिनीसारखे नव्हते. ती दिवसपाळी-रातपाळी करी. इंजिन उतरवायचे, बोअर करायचे, नवे पिस्टन घालायचे आणि पुन्हा चढवायचे, हे तिच्या नशिबी ठरलेलेच. पावसाळा गेला की गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. टपावर सामानाचे कॅरिअर आले. बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर टांगलेले यांत्रिक मीटर होते. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले तसे ते गेले. धुराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्यावा लागला. टाकी डिकीत बसली, उतारूची ट्रंक टपावर गेली. शहराच्या हवेसाठी ते योग्यच झाले.

आता कायदा पाहा. २०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, आणि तिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. वीस हजार रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा धंद्याच्या कामाला नाही. नियम वाईट नाहीत. पण मुंबईच्या टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची! विसाव्या वर्षी जिची बहुधा भंगाराकडे रवानगी व्हायची, तिने पन्नाशी गाठावी कशी? आणि गाठलीच, तर इंजिनात हात घातल्याचा दोष तिच्या माथी आहेच. बंगल्यात झाकून ठेवलेली पद्मिनी वारसा ठरते, आणि जिने शहर वाहून नेले ती वजनावर विकली जाते. हा अन्याय कोणी मुद्दाम केला असे आम्ही म्हणत नाही; नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त मालक होता, ड्रायव्हर नव्हता.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवसांत एखादी तरी जपून ठेवा, अशी पुष्कळ मागणी झाली. ठेवायची असेल तर आमचे एक सांगणे आहे. तिला घासूनपुसून १९७४ सालची कोरी करू नका. डिकीतली टाकी राहू द्या, जोडलेल्या पत्र्याचा सांधा दिसू द्या, सीटवरचे रेक्झिन फाटले असेल तेथे फाटलेलेच असू द्या. आणि माहितीच्या पाटीवर ती कुणी बांधली याच्या खाली, ती कोणकोणत्या ड्रायव्हरांनी चालवली आणि कोणत्या मिस्त्र्याने किती वेळा इंजिन उतरवले, तेही लिहा.