आगगाडींतील एक काव्यचर्चा

एकाच बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेलीं माणसें एकमेकांशीं अवाक्षर न बोलतां तासन् तास प्रवास करतात, हा आपणां सर्वांचा नित्याचा अनुभव होय. जात, हुद्दा व पोशाख यांचीं कुंपणें जो तो डब्यांत बरोबर घेऊनच चढतो. तीं ओलांडावयास काव्य कसें उपयोगी पडतें, याचें एक उदाहरण नगरकरांच्या घरचेंच आहे.

इ. स. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें निघाले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळीं गोऱ्या उतारूच्या शेजारीं बसणाऱ्या एतद्देशीयास अपमानाची तयारी ठेवावी लागे. परंतु ह्या गृहस्थांनीं टिळकांस सौजन्यानें वागविलें, आणि संभाषण निघालें तें संस्कृत काव्यावरून. धर्माची गोष्ट मागाहून आली. निरोप घेतांना त्यांनीं टिळकांस 'नव्या करारा'ची प्रत दिली.

हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आरंभींच धर्म निघता, तर दोघेही आपापल्या तटावर उभे राहिले असते. काव्यापुढें कोणी जेता उरला नाहीं, कोणी जित उरला नाहीं; दोघेही रसिक ठरले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमि झाली. ह्या भेटीचें मोल घरच्यांसही द्यावें लागलें. लक्ष्मीबाईंनीं पतिवियोगांत काढलेलीं वर्षें 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊकच आहेत. परक्याशीं जुळलेलें नातें कधीं कधीं आप्तांच्या काळजास घरें पाडतें, हेंही विसरून चालणार नाहीं.

तथापि गाडींत मिळालेलें तें सौजन्य टिळकांनीं स्वतःपाशींच ठेवलें नाहीं. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा कवि पुढें आला. टिळकांनीं त्याला नगरास आपल्या घरीं मुलासारखें ठेवून घेतलें. तेच आपले बालकवि. ५ मे १९१८ रोजीं भादली स्थानकाजवळ आगगाडीच्याच अपघातानें त्यांचा अंत व्हावा, हा दैवदुर्विलास होय. टिळकही ९ मे १९१९ रोजीं निवर्तले.

दौंड-मनमाड मार्गावरून नगरचे उतारू आजही रोज ये-जा करतात. वाचकहो, शेजाऱ्याचें नांवगांव पुसण्याआधीं एकदां त्याच्या आवडत्या कवीचें नांव पुसून पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.