शाहू महाराजांचा १९१९ चा कायदा आणि प्रेमातली थप्पड

आमचं जयसिंगपूर तसं नवंच गाव. राजर्षी शाहू महाराजांनी ते १९१७ साली वसवलं आणि आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव त्याला दिलं. गल्ल्या एकदम सरळ, काटकोनात, आणि नावांऐवजी नंबर! पण आज गावाबद्दल लिहायचं नाहीये. महाराजांनी त्यानंतर दोनच वर्षांनी केलेल्या एका कायद्याबद्दल लिहायचंय, आणि तो जिथवर पोचला नाही त्या जागेबद्दल.

१९१९ साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. नुसती मारहाण नाही, मानसिक छळसुद्धा त्यात गुन्हा होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि २०० रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे २०० रुपये, बरं का! ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असा वेगळा कायदा नव्हता. स्वतंत्र भारतात ४९८-अ कलम यायला १९८३ उजाडलं आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. छळ म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते घर, नवरा आणि सासर.

आता सतरा वर्षांची मुलगी घ्या. अकरावीत आहे, क्लासमधल्या मुलाशी जमलंय, दोघांच्या मर्जीनं. हळूहळू तो तिचा मोबाईल तपासायला लागतो. पासवर्ड मागतो, ‘त्याच्याशी का बोललीस’ म्हणून भांडतो. सोडून जाईन म्हटलं तर ‘हात कापून घेईन’ म्हणतो. आणि एक दिवस थोबाडीत मारतो. हे कुठे बसवायचं? मारणं हा गुन्हा आहेच, कोणीही मारलं तरी. पण २००५ च्या कायद्यात लग्नासारखं नातं आणि एकत्र राहणं लागतं. दोन घरांत राहणारी ही शाळकरी जोडी त्याच्या स्कोपमध्येच नाही.

आपल्याकडे या वयातल्या हिंसेची चर्चा सुरू झाली ती वेगळ्या दारानं. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून रिंकू पाटीलला जाळून मारलं गेलं आणि महाराष्ट्र हादरला. त्याच दशकात आमच्या शेजारच्या सांगलीतही कॉलेजातल्या मुलीचा असाच खून झाला. पेपरांनी शब्द वापरला ‘एकतर्फी प्रेम’. तो इतका रुळला की आजही हेडिंगमध्ये दिसतो. मला त्याचा राग येतो. प्रेम हा शब्द तिथे कशाला? आणि दुसरं म्हणजे, या शब्दामुळे आपली समजूत झाली की धोका नाकारलेल्या मुलाकडून असतो, आणि तिचा होकार असला की विषय संपला.

२०१३ साली पाठलाग करणं आणि ऑनलाइन पाळत ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम). चांगलंच झालं. पण तिथेही तिची नापसंती किंवा तिच्यावरची पाळत हाच मुद्दा आहे. चालू नात्यातली थप्पड तिथेही येत नाही.

अमेरिकेत हा विषय १९८१ साली पुढे आला. जेम्स मेकपीस यांनी कॉलेजच्या मुलामुलींना सरळ विचारलं, तेव्हा साधारण पाचातल्या एकानं प्रेमातल्या नात्यात मारहाण अनुभवल्याचं सांगितलं. तोवर ती फक्त लग्नानंतरची गोष्ट समजली जायची. विचारलं म्हणून कळलं, एवढंच.

आता ‘सैराट’ आठवा (२०१६). शेवट कोणीच विसरलेलं नाही. पण मधला भाग? हैदराबादला पळून गेल्यावर परश्या संशय घेतो, आर्चीवर हात उचलतो. ती निघून जाते, तो गळफास घ्यायला जातो, ती परत येते. नागराज मंजुळेंनी हे लपवलेलं नाही, स्वच्छ दाखवलंय. पण थिएटरबाहेर आपण बोललो ते जातीवर आणि घरच्यांच्या क्रौर्यावर. बोलायलाच हवं होतं. पण त्या थप्पडेवर कोणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मग मुली सांगत का नाहीत? सोपं आहे हो. जयसिंगपूरहून सांगलीला कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं घरी तोंड उघडलं, तर सगळ्यात आधी तिचंच कॉलेज बंद व्हायची भीती. मग मोबाईल जाणार, मग स्थळं बघायला सुरुवात. त्यात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतले शारीरिक संबंध संमतीनं असले तरी गुन्हाच, आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं. हेतू मुलांच्या संरक्षणाचा आहे. पण मारणाऱ्या मित्राबद्दल ताईंना किंवा बाईंना सांगायचं तर आधी आपलंच सगळं उघडं करावं लागेल, असा हिशेब मुलगी करते आणि गप्प बसते.

म्हणून मला १९१९ चा तो कायदा मोठा वाटतो. ‘घरातली भानगड’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला एका राजानं गुन्हा म्हटलं, आणि न दिसणारा छळही मोजला. आज ‘पोराटोरांची लफडी’ म्हणून आपण जे सोडून देतो त्याचंही तेच करायला हवं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर, मंडळी, आपण सगळे कोणाचे तरी दादा किंवा ताई आहोत. धाकटी बहीण असलं काही सांगायला आली तर ‘कोण आहे तो?’ हा पहिला प्रश्न नको. ‘तुझं कॉलेज बंद होणार नाही’ हे आधी सांगा आणि ते घरच्यांसमोर निभवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर तिच्याकडे असू द्या. आणि धाकटा भाऊ असेल तर त्याच्याशीही बोला, कारण थप्पड मारणाराही कोणाच्या तरी घरातलाच असतो.