गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे का? १८६० ते आर्वी

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातलं आर्वी देशभरच्या बातम्यांत आलं. एका १३ वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताचा तपास सुरू होता. त्यात एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यात पोलिसांना ११ कवट्या आणि ५४ हाडं सापडली. बातमी वाचून तुम्हालाही वाटलं असेल, गर्भपात तर कायदेशीर आहे, मग गुन्हा नेमका कशाचा?

त्यासाठी १८६० पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षीच्या भारतीय दंडसंहितेत कलम ३१२ आलं. बाईचा जीव वाचवण्यासाठी नसेल, तर गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद; पोटातलं मूल हालचाल करू लागलं असेल, तर सात. स्वतःच गर्भ पाडणारी बाईसुद्धा याच कलमाखाली गुन्हेगार.

म्हणून गर्भपात थांबले का? नाही. ते चोरून होत राहिले आणि त्यात बायका मरत राहिल्या. अखेर १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९६६ च्या डिसेंबरात अहवाल आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

आता इथे नीट लक्ष द्या. या कायद्याने कलम ३१२ रद्द केलं नाही. नोंदणीकृत डॉक्टरने अटी पाळून गर्भपात केला, तर तो दोषी नाही, एवढंच कायदा म्हणतो. म्हणजे संरक्षण आधी डॉक्टरला, आणि निर्णयही त्याच्याच मताने. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेली, पण रचना तीच राहिली. जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ तिथे कलम ८८ म्हणून कायम आहे.

आता आर्वीच्या मुलीच्या वयाची कुणी मुलगी डोळ्यासमोर आणा. वय १८ च्या आत, म्हणून पालकांची लेखी संमती हवी. पोक्सोमुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. घरच्यांना बोभाटा नको असेल, तर ते कुठे जातील? सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर कळवताना तिचं नाव सांगायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

अशी प्रकरणं उघडकीला आली की 'कायदा कडक करा' म्हणणारे भेटतातच. त्यांना एवढंच सांगा, की शिक्षेचं कलम १८६० पासून आहेच. नाव बाहेर न फुटता वेळेत जाता येईल असा सरकारी दवाखाना तालुक्यात आहे का, हे आधी विचारायला हवं.